अंतःकरणातील भावांची पारख : पंडिता रमाबाई आणि मराठी ख्रिस्ती अनुभव

नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रात आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीला एक सावधगिरीची सूचना दिलेली आहे. प्रेरणा म्हणून जे काही अंतःकरणात उठते ते सारे देवाकडूनच येते असे समजून चालू नये, त्याची परीक्षा करावी, असा तिचा आशय. पौलानेही आत्मिक दानांची गणना करताना, आत्मे ओळखण्याची शक्ती हे एक स्वतंत्र दान मानले आहे. हा विषय मराठीत आला तो मुख्यतः बायबलच्या भाषांतरांतून, आणि येताच एका शब्दापाशी अडखळला. तो शब्द म्हणजे 'आत्मा'. वेदान्ताच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला आत्मा एक, निर्विकार व साक्षिरूप असतो हे परिचित होते. त्याचे अनेकवचन होते, त्यात बरेवाईट असते आणि त्याची परीक्षा घ्यावयाची असते, हे त्याला चमत्कारिक वाटणे साहजिक होते. 'भूत' हा शब्द वापरावा तर अर्थ अगदीच खाली घसरतो, आणि 'भाव' म्हणावे तर त्या भावाच्या पाठीमागे कोणी आहे ही मूळची कल्पनाच निघून जाते. प्रश्न केवळ भाषांतराचा नव्हता. आपल्या मनात उठलेल्या ओढीचा, भीतीचा वा आनंदाचा उगम कोणता हे ओळखावयाचे कसे, आणि ते ओळखण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामागचा खरा प्रश्न. मराठी ख्रिस्ती जीवनात तो सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात.

रमाबाईंकडे वळण्यापूर्वी या विषयाची पाश्चात्त्य परंपरा थोडक्यात ध्यानी घ्यावयास हवी. चौथ्या शतकातील ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी मनात येणाऱ्या विचारांचे वर्गीकरण करून ते कोठून येतात व कोठे नेतात याचा बारकाईने विचार केला होता. तथापि या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले ते येसूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून हा स्पॅनिश सरदार अंथरुणाला खिळला. शौर्यकथा वाचावयास मिळेनात, म्हणून ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र हाती घेतले. पडल्यापडल्या तो दोन प्रकारची मनोराज्ये करी : एक दरबारातील पराक्रमांचे, दुसरे संतांसारखे जगण्याचे. दोन्हींत सुखच वाटे. फरक जाणवे तो नंतर. पहिल्याने मन शुष्क व असमाधानी होई, तर दुसऱ्याचे समाधान विचार सरल्यावरही टिकून राही. इग्नेशियसच्या साऱ्या नियमांचे बीज या एका निरीक्षणात आहे. भाव किती गोड आहे हे न पाहता तो मागे काय ठेवून जातो हे पाहावयाचे.

१५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात याविषयीचे नियम दोन गटांत दिलेले आहेत, पहिल्यात चौदा व दुसऱ्यात आठ. त्यांतील काही आजही वाचकाला थक्क करतात. मन उदास व कोरडे झाले असता पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, हा एक. वाईट प्रेरणा एखाद्या लबाड प्रियकरासारखी गुप्तता मागते, म्हणून ती जाणत्याजवळ बोलून दाखवावी, हा दुसरा. आणि सर्वांत सूक्ष्म असा तिसरा : भक्तीच्या मार्गावर पुढे गेलेल्या माणसाला मोह वाईट रूपात पडत नाही, तो प्रकाशाच्या दूताचे रूप घेऊन, सत्कृत्याच्या मिषाने येतो, म्हणून विचाराचा आरंभ, मध्य व शेवट असा सारा प्रवास तपासावा. हेच नियम जगलेले लोक सोळाव्या शतकात गोव्यात आले. 'क्रिस्तपुराण' (१६१६) हे मराठी ओवीबद्ध महाकाव्य रचणारे फादर थॉमस स्टीफन्स येसूसंघीय होते, आणि या साधना त्यांच्या घडणीचाच भाग होत्या. मात्र स्टीफन्सांनी मराठीला कथा दिली, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याइतके भाषेशी सख्य जोडले. अंतर्निरीक्षणाची परिभाषा मात्र मराठीत रुजली नाही.

ती न रुजण्याचे कारण मराठीचे दारिद्र्य नव्हे, समृद्धी होय. इग्नेशियसच्या नियमांत दोन अवस्था मध्यवर्ती आहेत. एकीत अंतःकरण देवाकडे ओढले जाते, त्याला बळ व शांती लाभते; दुसरीत ते अंधारते, शुष्क होते, देव दूर गेल्यासारखे वाटते. दुसऱ्या अवस्थेला मराठीत जवळचा शब्द 'विरह'. पण विरह हा भक्तिसंप्रदायात स्वतःच प्रेमाचा पुरावा मानला जातो. ज्ञानदेवांच्या विरहिण्या, तुकोबांचे व्याकूळ अभंग, आणि मराठीबाहेर पाहावयाचे तर, फरीदाबादजवळच्या सीही गावाशी ज्यांच्या जन्माचे नाते परंपरा जोडते त्या सूरदासांच्या गोपी, या सर्वांच्या दृष्टीने देवाच्या अभावाचे दुःख हीच देवाच्या सान्निध्याची एक रीत आहे. इग्नेशियस त्या दुःखाला असे मोल देत नाही. त्याच्या मते ते साधकाच्या आळसामुळे येईल, त्याची कसोटी पाहण्यासाठी येईल किंवा समाधान ही आपली कमाई नसून कृपा आहे हे शिकविण्यासाठी येईल. काहीही असो, त्या अवस्थेत निर्णय घेऊ नये. एका परंपरेत जो भाव आळवावयाचा, तोच दुसरीत तपासावयाचा. 'विवेक' या शब्दाचेही असेच आहे. शंकराचार्यांचा नित्यानित्यविवेक काय किंवा 'दासबोधा'तील सारासारविवेक काय, तो वस्तूंमधील भेद करतो; प्रेरणेचा उगम कोणता, हे विचारणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. म्हणून प्रस्तुत विवेचनात सोनाराच्या दुकानातील 'पारख' हा साधा शब्द पत्करला आहे. कसोटीवर घासल्याखेरीज पिवळ्या धातूचे सोने ठरत नाही, एवढाच त्याचा आधार.

उगम विचारणारी परंपरा महाराष्ट्रात नव्हतीच असे मात्र नाही. ती पंडितांपाशी नव्हती, गावात होती. कोणाच्या अंगात आले की भोवतालचे लोक पहिला प्रश्न करतात तो 'तू कोण?' असा. देवाचा संचार की भूतबाधा, हे त्या उत्तरावरून आणि पुढच्या वागण्यावरून ठरते. सुशिक्षितांना ओशाळवाणी वाटणारी ही रीत पुढे केडगावला एका वेगळ्याच रूपात सामोरी आली.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने, कन्या मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पूर्वी पुण्यातच त्यांची ओळख झालेल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक माता ठरल्या. पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. हा पत्रव्यवहार पुढे जेराल्डिन यांनीच संकलित केला व अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. धर्मांतराच्या इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासकांनी तो पुष्कळ वापरला आहे. परंतु तो अंतःकरणातील भावांच्या पारखीचा, किंबहुना त्या पारखीवरील भांडणाचा दस्तऐवज म्हणूनही वाचावयास हवा.

भांडण एकाच प्रश्नावर पुनःपुन्हा येते. त्रैक्याचा सिद्धान्त, कुमारीजन्म, चर्चचा अधिकार यांविषयी रमाबाई शंका विचारतात. चेल्टनम येथे त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागविले जाते. ते प्रतिकूल येते, आणि रमाबाई संतापतात. गळ्यातील क्रूसावरची अक्षरे लॅटिन नको, संस्कृत हवीत, असा त्यांचा आग्रह. जेराल्डिन यांना या साऱ्यात एकच मूळ दिसते, ते म्हणजे अहंकार. रमाबाईंना त्याच भावाचे मूळ सदसद्विवेकबुद्धीत, म्हणजे ईश्वराने दिलेल्या आतल्या आवाजात दिसते. दोघी एकाच मनोवृत्तीकडे पाहत आहेत आणि तिचा उगम मात्र परस्परविरुद्ध ठिकाणी सांगत आहेत.

यातील सर्वांत बोलका प्रसंग दिसावयास क्षुल्लक आहे. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडी घातलेले पुडिंग त्या खात नसत. जेराल्डिन यांनी या नकारात ब्राह्मण्याचा, जातीच्या अभिमानाचा अवशेष पाहिला. रमाबाईंचे उत्तर तडफदार होते. एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये जाऊन राहिली आणि तिने आपल्या निरुपद्रवी चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ व पूर्वग्रहदूषित म्हटलेले तिला आवडेल काय, असा त्यांचा प्रतिप्रश्न. जेराल्डिन यांची शंका सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येत नाही. सोवळ्याचे मूळ ताटात असते आणि ते खोल असते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. चूक होती ती कृतीवरून उगम ताडण्यात.

ही चूक स्पष्ट होते ती दुसऱ्या एका मराठी स्त्रीच्या अनुभवाशेजारी हा प्रसंग ठेवला म्हणजे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले वेगळे पाणी जपले. 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) या आत्मचरित्रात त्या सांगतात की, जातिभेद ईश्वराचा नव्हे, माणसाचा, ही जाणीव त्यांना एकाएकी झाली. मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यात त्यांना अडचण राहिली नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत अन्नपाण्याचा विधिनिषेध खरोखरच जातीत रुजलेला होता, आणि तो गळून पडणे ही खरी आत्मिक घटना होती. रमाबाईंनी मात्र जातीचे बंधन केव्हाच तोडले होते. १८८० मध्ये बंगालमधील शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह करणारी ही स्त्री पुडिंगातल्या अंड्याला नकार देते, तेव्हा तिथे जात शोधणे हे पारखीचे नव्हे, संशयाचे काम ठरते. बाहेरून नकार सारखाच. उगम मात्र भिन्न.

जेराल्डिन यांची बाजू ख्रिस्ती परंपरेतूनच समर्थनीय होती, हे येथे नमूद करावयास हवे. कोणीही आपल्याच मनाचा न्यायाधीश होऊ नये, मार्गदर्शकापुढे मन उघडे करावे, हा इग्नेशियसचाही नियम. पण त्याच ग्रंथाच्या प्रारंभी मार्गदर्शकासाठी एक बंधन घातलेले आहे, आणि ते सहसा विसरले जाते. मार्गदर्शकाने साधकाला एका बाजूस झुकवू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यावर राहावे आणि निर्माता व त्याचा जीव यांचा व्यवहार परस्परांत होऊ द्यावा. वाँटेजमध्ये हा काटा आधीच एका पारड्याकडे कलला होता. जेराल्डिन यांचा हेतू शुद्ध होता, प्रेमही खरे होते. परंतु त्यांच्यामागे साम्राज्य आणि बिशप उभे होते, आणि रमाबाईंच्या स्वयंपाकघराची भाषा त्यांना येत नव्हती. चेल्टनमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्याच शंकांकडे अधिक धीराने पाहिले. अशा वेळी परकेपणापेक्षा उतावीळपणा अधिक नडतो, असे या दोघींच्या पत्रांची तुलना करता वाटते.

रमाबाईंनी स्वतःची पारख केली ती पुढे, आणि ती जेराल्डिन यांच्यापेक्षा कठोर होती. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. लंडनमधील फुलम येथे पतित स्त्रियांसाठी चाललेले भगिनींचे कार्य पाहून आणि ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून त्यांचे मन हलले होते. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने बुद्धीचेही समाधान झाले होते. तरी आतला शोध थांबला नाही. विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हॅसलम हे वर्षानुवर्षे व्यासपीठावरून उपदेश करीत असूनही आपण स्वतः अजून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो नाही हे ज्यांना उशिरा उमगले असे गृहस्थ. रमाबाईंना त्यात आपले प्रतिबिंब दिसले आणि १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांना आत्मिक आनंदाचा अनुभव आला. येथे रमाबाईंनी पूर्वीचा भाव खोटा ठरविला नाही, हे महत्त्वाचे आहे. तो खरा पण अपुरा होता, असा त्यांचा निर्णय. भाव देवाकडचा की सैतानाकडचा, या दोनच पर्यायांत त्यांनी तो कोंबला नाही.

आणि मग १९०५. वेल्समध्ये १९०४ साली सुरू झालेल्या व पुढे खासी टेकड्यांत पोहोचलेल्या जागृतीच्या वार्ता केडगावला येत होत्या. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, परित्यक्ता मिळून मुक्ती सदनात त्या काळी दीड-दोन हजारांची वस्ती होती. जानेवारीपासून रमाबाईंनी प्रार्थनामंडळे चालविली होती. जूनच्या अखेरीस एका रात्री एका मुलीला आपण पेटलो आहोत असे वाटले. देखरेख करणारी बाई पाण्याची बादली घेऊन धावली. ओतणार तोच तिच्या ध्यानी आले की ही आग डोळ्यांना दिसणारी नव्हे. तेथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी स्त्रीने नोंदविलेला हा प्रसंग पारखीच्या इतिहासात नमुन्यादाखल सांगावा असा आहे. बादली आणणे ही मूर्खपणाची गोष्ट नव्हती. प्रथम साधे कारण शोधावे, मग गूढ, हा शहाणपणाचाच क्रम होय.

पुढे रडणे, थरथरणे, एकाच वेळी शेकडो जणींनी मोठ्याने प्रार्थना करणे, पापांची कबुली आणि अपरिचित भाषांतील उच्चार असे सारे सुरू झाले. बाहेरच्या मिशनऱ्यांपैकी काहींनी याला उन्माद म्हटले. महाराष्ट्रातील अमेरिकन मिशन ज्या न्यू इंग्लंडच्या परंपरेतून आले होते, तिला हा वाद नवा नव्हता. १७४६ मध्ये जॉनथन एडवर्ड्झ यांनी धार्मिक भावनांवरील आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले होते की, शरीरावर उमटणारे परिणाम भावनेच्या खरेपणाचे प्रमाण नव्हेत आणि खोटेपणाचेही नव्हेत. १९०२ मध्ये विल्यम जेम्स यांनी त्याच दिशेने जाऊन, धर्मानुभवाची किंमत त्याच्या मुळांवरून नव्हे, फळांवरून करावी असे म्हटले. रमाबाईंचा पवित्रा या दोघांच्या जवळचा, तरी पूर्ण तोच नाही. यात काही अतिरेक आहे, काही फसवेही असेल, हे त्यांनी लपविले नाही. पण तेवढ्यासाठी सारेच दडपून टाकावे, हे त्यांना मान्य नव्हते. हिंदी स्त्रियांनी आपले दुःख व आनंद आपल्या रीतीने व्यक्त करावा, पाश्चात्त्य उपासनेतील शांतता हा पवित्र आत्म्याचा नियम नव्हे, असे त्यांनी ठामपणे लिहिले. त्याचबरोबर, अपरिचित भाषांत बोलणे हीच पवित्र आत्म्याच्या आगमनाची अनिवार्य खूण होय, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. हे मत त्या काळी अमेरिकेत जोर धरीत होते. प्रीती, सेवा आणि बदललेले आचरण यांना त्यांनी अधिक मोल दिले. मुली आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास जाऊ लागल्या. शेत, माग आणि छापखाना यांचे काम चालूच राहिले.

वाँटेजचे भांडण आणि केडगावची जागृती ही एकाच सूत्राने जोडलेली आहेत. १८८४–८५ मध्ये एका परक्या, प्रेमळ व अधिकारसंपन्न स्त्रीने रमाबाईंच्या भावाचा उगम बाहेरून ठरविला होता. वीस वर्षांनी शेकडो निरक्षर, दुष्काळपीडित मुलींच्या भावांचा उगम ठरविण्याचा अधिकार रमाबाईंच्या हाती आला. हा अधिकार त्यांनी किती सावधपणे वापरला हे पाहिले म्हणजे वाँटेजच्या पत्रांतून त्या काय शिकल्या होत्या ते कळते. गावच्या मांडवात 'तू कोण?' असे विचारले जाते आणि उत्तराची घाई केली जाते. रमाबाईंनी प्रश्न तोच ठेवला, पण उत्तरासाठी थांबण्याची तयारी दाखविली. तरीही एक अडचण उरतेच. सदनाच्या चार भिंतींत, अन्न-वस्त्र जिच्याकडून मिळते तिच्या प्रार्थनामंडळात, एखाद्या मुलीला रडू आले नाही तर ती काय करीत असेल? उपलब्ध वृत्तान्त रडणाऱ्या मुलींचे आहेत. मागे गप्प बसलेल्या मुलीचे मन कोणी नोंदविले नाही.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत ही पारख निराळ्या रीतीने झाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' स्थापिला, आणि तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे येण्याची आपली खूण उघडपणे मिरविली. त्यांच्या प्रेरणांचा उत्कटपणा आणि लहरीपणा यांत भेद करणे त्यांच्या स्नेह्यांनाही अवघड जाई. 'स्मृतिचित्रे' वाचताना असे वाटते की या कवीच्या अंतःप्रेरणांची खरी पारख घरात होत असे, आणि पारखी विनोदी स्वभावाची होती. इग्नेशियसच्या नियमांत विनोदाला स्थान नाही. लक्ष्मीबाईंनी ते स्थान मिळवून दिले. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेटाने पुढे नेले.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांतील मुख्य काम बायबलच्या मराठी भाषांतराचे होते. ते खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर वळण टाळले, आणि हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा घेऊन येणारे शब्द त्या संशयाने पाहत. हिब्रू व ग्रीक त्यांनी या कामासाठी प्रौढ वयात शिकून घेतल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याची छपाई सदनातील स्त्रियांनी केली होती.